डाकेच्या घोडेस्वाराहाती

दिवाणजी, "घरातल्या खुनाचा छडा घरच्यांनी लावू नये, बाईसाहेब," असं तुम्ही बजावलं होतं आणि मी हसण्यावारी नेलं होतं. थोरल्या भाऊजींना विष कुणी घातलं ते शोधल्याशिवाय आम्हा दोघांना घास गोड लागत नव्हता. सगळी जहागीर ते आमच्या तान्ह्या बाळाच्या नावे करून गेले, एवढी त्यांची माया. आचारी, माळी, मोतद्दार, सगळ्यांना आम्ही फैलावर घेतलं. "कोतवालाला आता घरी बसवणार तुम्ही," म्हणून हे मला चिडवायचे.

आज सहा कोसांवरच्या या औषधवाल्याला यांनी दरडावलं, तेव्हा तो चाचरत म्हणाला, "सरकार, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्या आत्याबाईच घेऊन गेल्या की, उंदरांसाठी. काल पुन्हा आल्या होत्या. म्हणाल्या, या खेपेला थोडंच दे, उंदीर लहान आहे."

आम्ही गाडी पिटाळतोच आहोत, पण डाकेचा घोडेस्वार आमच्या आधी पोचेल.

तपासाला निघताना बाळाला आम्ही आत्याबाईंच्याच मांडीवर ठेवून आलोय. दिवाणजी, चिठ्ठी टाका हातातली आणि आधी त्याला बघा हो!