पेटलेलं पाणकणीस

"पेटवा!" बांधावरनं धरणेंद्र चौगुल्यानं हात केला. खाली जयराजनं डिझेलात भिजवलेलं पोतं पेटवलं आणि तळ्याकाठच्या उंच गवतात, पाणकणसात भिरकावलं.

उन्हानं वाळून खडखडीत झालेलं रान होतं ते. आग सरसरत आत घुसली. कणसं तडतडली, त्यांचा कापूस जळत जळत वर उडाला. तळं गावाचं, पण काठाला लागून शेत धरणेंद्रचं. त्याला हा काठ उसाखाली आणायचा होता. शिवाय पाणकणसात राहणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या त्याच्या लावणीचे कोवळे कोंब उपटायच्या. त्यानं जयराजला आणि त्याच्या गड्यांना मोकळं सांगितलं होतं, जाळा, आणि बाहेर येईल ते तुमचं.

पाखरं बाहेर आली. निळी-जांभळी अंगं, तांबड्या चोची, लांब तांबडे पाय. धुरानं आंधळी झालेली. उडायचं सोडून चिखलातून पळत सुटली, आणि पुढं काठ्या घेऊन गडी उभे होते. पहिल्याच फटक्यात एकीची मान लोंबली. दुसरीचे पाय मोडले, तरी ती पंखांवर फरफटत राहिली, तेव्हा जयराजनं तिला टाचेखाली दाबलं. गडी ओरडत होते, हसत होते. जळक्या पिसांचा वास बांधापर्यंत आला.

धरणेंद्रनं तोंड फिरवलं. रोज जैन बस्तीत अभिषेकाला जाणारा, दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस तो. आपण बघायचं नाही, एवढं त्यानं येतानाच ठरवलं होतं.

तोंड फिरवलं तर समोर आई. धूर बघून आक्काताई सरीतनं धापा टाकत आली होती.

"आक्का, तू घरी जा. मी कशाला हात लावलेला न्हाई."

तेवढ्यात एक पाणकोंबडी बांध चढून त्याच्या पायाशी येऊन कोसळली. पंख मांसापर्यंत जळले होते. चोच उघडत होती, मिटत होती, आवाज येत नव्हता.

आक्काताई तिच्याकडं बघत राहिली. "मरंना आन् जगंना," ती म्हणाली. "सोडीव तिला."

"जयराज, हिकडं ये रं..."

"जयराज न्हाई. तू." बांधावर पडलेली एक काठी उचलून तिनं लेकाच्या हातात कोंबली. "तू पेटीवलंयस. तूच मार."

धरणेंद्रनं डोळे मिटून काठी हाणली. ती पाठीवर बसली. मघापासून मुकी असलेली पाणकोंबडी किंचाळली.

"डोळं उघड!" आक्काताई ओरडली.

त्यानं उघडले. दुसरा घाव डोक्यावर बसला. पाखराच्या कपाळावरचा तांबडा टिळा फुटला आणि ऊन रक्त त्याच्या पायांवर उडालं.

 तो काठी घेऊन बांधावरनं खाली धावला.

"बास! विझवा! विझवा म्हनतो!"

"आवं अण्णा, आत्ता तर कुठं पेटलंय," जयराज हसला आणि पुढच्या पाखरावर काठी उगारली. धरणेंद्रनं त्याच्या खांद्यावर घाव घातला. जयराज चिखलात पालथा पडला.

"तुमीच सांगितलासा की अण्णा!" तो खांदा धरून विव्हळला.

 काठावर पडलेलं एक पोतं तळ्यात बुडवून धरणेंद्र आगीवर हाणत सुटला. हाताची कातडी सोलली, भुवया जळाल्या. आक्काताईही पदर खोचून पाण्यात उतरली. निम्मं पाणकणीस गेलं. निम्मं राहिलं.

रस्त्यावरून कुणीतरी धूर बघून फोन केला असावा. वनखात्याची गाडी आली तसे बाकीचे गडी उसात पळाले. जयराजला खांद्यामुळं पळता आलं नाही. त्याच्या भोवती मेलेल्या पाणकोंबड्या पडल्या होत्या आणि काठी रक्तानं माखली होती. वनरक्षक उत्कर्षानं त्याची गचांडी धरली. जयराजनं एकदा धरणेंद्रकडं बघितलं आणि मान खाली घातली. 

उत्कर्षाला धरणेंद्रचे भाजलेले हात दिसले. तिचा आवाज मऊ झाला.

"अण्णा, तुम्ही होतात म्हणून एवढं तरी वाचलं. आता साक्ष तेवढी द्या. ह्यानं किती मारली?"

"एकबी न्हाई," धरणेंद्र म्हणाला. "सगळी मी मारली."