टायर मुरेपर्यंत

"दाब की! स्पोर्ट्स कार आहे ही, बैलगाडी नव्हे," शेजारी बसलेला उस्ताद म्हणाला.

जावई होऊ पाहणाऱ्या पोराने पाय जराही हलवला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. "नाही काका. टायर कालच चढवलेत. नव्या रबरावर गुळगुळीत थर असतो. तो घासून जाईपर्यंत पकड नाही."

उस्तादाने मिशीतल्या मिशीत हसू दाबलं. तरुणपणी त्याने शर्यती गाजवल्या होत्या, आता गॅरेज चालवत होता. या गाडीला तो मुलीखेरीज कुणाला हात लावू देत नसे. मुलीने लग्नाचा विषय काढला तेव्हा त्याची एकच अट होती, "आधी माझी गाडी चालवून दाखवू दे. स्टिअरिंगवर बसला की माणूस कळतो." आधी आलेल्या एका स्थळाने पहिल्याच वळणावर गाडी अशी पिळली, की उस्तादाने त्याला तिथेच उतरवून पायी घरी धाडलं होतं.

सरळ, मोकळा रस्ता आला. मागून एक खटारा व्हॅन हॉर्न मारत पुढे गेली.

"अरे, भाजीची व्हॅन पुढे गेली! लाज आहे की नाही? चौथा टाक."

"जाऊ दे तिला." पोराच्या कपाळावर घाम होता, आवाज मात्र शांत. "अजून काही दिवस पळवणं नाही, कचकन ब्रेक नाही. टायर मुरले की मग बघा."

एवढं डिवचलं तरी गडी ढळत नाही! उस्ताद मनातून जाम खूश झाला. या वयात त्याला स्वतःला हे जमलं नव्हतं. वळणांवर तर पोरगं गाडी अशी नेत होतं, जणू मागच्या सीटवर तान्हं बाळ झोपलंय.

गॅरेजपाशी मुलगी हातात पाना घेऊन उभी होती. तोंडचं पाणी पळालेलं.

"तोंड काय पाडलंस?" उस्ताद उतरतानाच गरजला. "सोनं आहे सोनं! माझा होकार!" आणि "अगं, ऐकलंस का?" असं बायकोला हाका मारत आत गेलाही.

मुलीने श्वास सोडला. "चौथा टाकायला सांगितलं?"

"सांगितलं ना. मग तू पाठ करून घेतलेलं टायरपुराण लावलं."

"उगाच का मी चांगले टायर काढून नवे चढवले!"

पोराने ओले तळवे पँटला पुसले. "परवा तिसऱ्यापर्यंतच आलो होतो आपण. आता लग्नाआधी मला चौथा गिअर तरी शिकव."