आधी काकूंची वेणी

कुमुदकाकू तेलाची वाटी घेऊन पाठीमागून आल्या, तशी तनुजा झटकन कपाटाआड शिरली. बालकल्याण समितीने सांभाळायला दिलेली ही आठ वर्षांची पोर महिनाभरात घरात बरीच रुळली होती, पण केसांना हात म्हणून लावू देत नव्हती. बाप तिला केस धरूनच फरफटवायचा.

काकूंनी हाका मारल्या नाहीत. तिच्याकडे पाठ करून त्या जमिनीवर बसल्या, आपला अंबाडा सोडला आणि वाटी मागे सरकवली. "आज तूच मला तेल लाव."

बऱ्याच वेळाने डोक्यावर दोन गार हात टेकले. तेल चोळता चोळता त्या हातांनी केस मुठीत आवळले आणि असा हिसका दिला, की काकूंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अगं, हे काय चाललंय!" काका दारातून धावले. काकूंनी हातानेच त्यांना थोपवलं. ओरडणं अगदी ओठांशी आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"तनू, मला दुखतंय."

मूठ सुटली.

"असं सांगितलं की सोडतात?" मागून आवाज आला.

"आपल्या घरात सोडतात."

तनुजा पुढे येऊन पाठमोरी बसली. डोळे गच्च मिटलेले, खांदे पार कानांपर्यंत चढलेले. काकूंनी कंगवा उचलला. तो अजून केसांना लागलाही नव्हता.

"दुखतंय!" ती किंचाळली.

काकूंनी कंगवा खाली ठेवला.

तनुजाने डोळे उघडले, कंगव्याकडे पाहिलं आणि तो उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला.