सगळं मशीन करतं

ऐक ना. बंगळुरूला सोशल मीडियावाल्यांची मोठी परिषद होती. लोक फोनवरून प्रश्न पाठवणार, पडद्यामागे बसलेली सिंचना ते तपासणार, मगच ते स्टेजवरच्या स्क्रीनवर झळकणार.

"अडचणीचा एक जरी प्रश्न पुढे गेला, तर उद्यापासून घरी बस, अम्मा," तिच्या बॉसनी, नागभूषण सरांनी, तिला बजावलेलं.

आणि स्टेजवर हेच सर ऐटीत सांगतात, "आमच्या कंपनीत घाणेरड्या पोस्ट तपासायला माणूस लागतच नाही. सगळं मशीन करतं."

पाच वर्षं त्यांच्याच कंपनीत अशा पोस्ट तपासणाऱ्या सिंचनानं मग स्वतःच एक प्रश्न टाइप केला आणि स्वतःच पास केला.



"सर, मग हा प्रश्न आत्ता कुणी तपासला? – तुमचं मशीन, सिंचना गौडा, तिसरा मजला."

तू घातलं असतंस नाव?