उलटं वाचन

बिल्डरचं पत्रक छापायला सोडण्याआधी छापखान्यात नलिनी ते नवऱ्याला, दिगंबरला, मोठ्यानं वाचून दाखवत होती. पत्रकाचा हा नवा कागद ज्याच्या हातात असेल त्याच्या मनातलं घर मजकुरामागे दाखवायचा. तिला दिसलं मोठं स्वयंपाकघर, तुळस आणि झोपाळ्यावर ती दोघं.

“आता तुम्ही. नेहमीसारखं शेवटच्या ओळीपासून उलटं वाचा, म्हणजे चुका सापडतील.”

दिगंबरनं पत्रक घेतलं आणि तिचीच वाक्यं सुलटी, घडाघडा म्हणून दाखवली. नजर ओळींवर नव्हतीच, त्यांच्यामागच्या घरावर होती.

“उलटं म्हटलं ना मी?”

तो घाईनं पत्रक मिटू लागला. त्यानं घडी घालायच्या आत नलिनी त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. कागदावर झोपाळा होता. त्यावर तो एकटाच, निवांत बसला होता.

“छपाईत चूक नाही,” ती म्हणाली. “चढवा मशीनवर.”