उद्याचं बंदर

"बंदर रद्द म्हणजे काय? बंदर म्हणजे काय बसचा थांबा आहे?" मिस्त्रींनी काउंटरवर तळहात आपटला. पेनांचा पेला आडवा झाला.

काउंटरमागच्या मुलीने पेनं गोळा केली आणि हसू होतं तिथेच ठेवलं. "काका, एका प्रवाशाची तब्येत गंभीर आहे. जहाजावर दवाखाना आहे, पण लहान. म्हणून कप्तानांनी जवळच्या बंदराकडे जहाज वळवलंय. त्यात उद्याचा मुक्काम गेला."

"एका माणसासाठी दोन हजारांना वेठीला धरायचं?"

"जिवाचा प्रश्न आहे, काका. आणि जरा हळू बोलाल का? लोक बघतायत."

"बघू देत. माझा आवाज करवतीशेजारी वाढलाय. त्याला हळू येत नाही."

मागे शिंपी उभा होता, तो खुदकन हसला. जेवणाच्या रांगेत ओळख झालेला हा माणूस भांडण दिसलं की खुर्ची ओढून बसणाऱ्यांपैकी होता.

मिस्त्री आले होते ते फक्त उद्याच्या बंदरासाठी. पोहण्याचे हौद, उन्हातल्या खुर्च्या सकाळीच टॉवेल टाकून अडवणारे लोक, रात्रीच्या जेवणाला इस्त्रीचा सदराच हवा हा नियम, हे सगळं त्यांच्या लेखी थोतांड. उद्याच्या गावात त्यांचा धाकटा भाऊ राहत होता. एकोणीस वर्षांपूर्वी तो भांडून गेला आणि जाताना वडिलांचा लाकूड तासायचा रंधा उचलून घेऊन गेला. शिसवी रंधा. वडिलांच्या अंगठ्याने त्याच्या पाठीवर खळगा पडलेला. धाकट्याचा अंगठा त्यात हलायचा, थोरल्याचा बरोबर बसायचा. मग रंधा कुणाचा? हे सांगायला पंच कशाला हवेत? धाकट्याच्या दारात उभं राहायचं, चार शब्द सुनवायचे, रंधा घ्यायचा आणि त्याच्या घरचं पाणीही न पिता परतायचं, असा मिस्त्रींचा बेत होता.

सहल बायकोने ठरवली होती. "जहाजच कशाला?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "तिथून माणसाला दार आपटून निघून जाता येत नाही." टोमणा कळला होता. त्यांनी तो गिळला होता.

"लेखी द्या," शिंपी म्हणाला. "नुसतं ओरडून कप्तान ऐकतोय होय!"

मिस्त्रींनी कानावरची जाड पेन्सिल काढली. टोक मोडलेलं. तासायची सुरी जहाजावर चढतानाच पहारेकऱ्याने काढून घेतली होती, घरी जाताना मिळेल म्हणून. वर आज सकाळी तो चेष्टा करत होता, "मिस्त्री, काळजी नको. तुमच्या सुरीला काल कपाटात सोबत आलीय."

बोथट टोकानेच त्यांनी लिहिलं: ठरलेलं बंदर वगळून आमची फसवणूक झाली आहे. जहाज मागे फिरवावं. खाली पहिली सही स्वतःची, कागद फाटेल इतकी दाबून.

"शेजाऱ्याचंही लिहा की," शिंप्याने काडी टाकली. "दुपारी तुमच्या खोलीतून धडाधड आवाज येत होते."

"लिहितो ना! शेजारच्या खोलीत कालच्या बंदरावरून कुणी खोकडा येऊन पडलाय. खोकून खोकून दुपारचा डोळा लागू देत नाही. भिंतीवर बुक्क्या मारल्या, तर माणसाने गप्प बसावं की नाही? तर पलीकडून उलट टकटक! तीही हळूच. जशी काही आमची जुनी ओळख."

"मग?"

"मग काय, बूट फेकला भिंतीवर. तेव्हा गप्प झाला."

दुसऱ्या सहीसाठी ते बायकोला शोधत खोलीवर गेले. ती नव्हती, थर्मासही नव्हता. कालपासून तिचं हे चाललं होतं. गरम पाणी भरायचं आणि गायब व्हायचं. विचारलं की म्हणायची, "एक मैत्रीण झालीय. तिचे गुडघे शेकायचे असतात." मिस्त्रींचे गुडघे तीस वर्षं दुखत होते, त्यांना कधी कुणी शेकलं नव्हतं.

चिडून ते परत आले आणि टेबलाटेबलावर फिरले. तेवीस सह्या झाल्या. कागद त्यांनी काउंटरवर ठेवला.

"काका, आता काही उपयोग नाही. तासाभरात आपण बंदराला लागतोय," मुलगी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, उशीर नको."

"मरायचंच होतं तर घरी मरायचं! लोकांच्या वाटेत कशाला?"

मुलीचं हसू पहिल्यांदाच मावळलं. शिंपीसुद्धा पायांकडे बघायला लागला.

जहाज बंदराला लागलं. मिस्त्री कागद घेऊन खालच्या दाराशी गेले. कप्तान तिथे येईल, त्याच्या हातातच कागद द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. धक्क्यावरून एक रुग्णवाहिका भोंगा वाजवत निघून गेली होती. दाराशी पहारेकरी एकटाच होता.

"मिस्त्री, तुम्ही इथे कसे?" तो गडबडला. "मला वाटलं, तुम्हीही गाडीतून गेलात."

"मी कशाला जाऊ?"

पहारेकऱ्याने कपाट उघडलं, सुरीशेजारचं एक फडक्यात बांधलेलं गाठोडं काढलं आणि पुढे केलं.

"तुमच्या घरच्या बाई पेशंटबरोबर गेल्या. जाताना म्हणाल्या, हे तुमच्या हातात द्यायचं. तुमच्या शेजारच्या खोलीतल्यांचं आहे. काल चढताना माझ्याकडे सोपवायलाही तयार नव्हते ते."

एका हातात सह्यांचा कागद होता. मिस्त्रींनी दुसऱ्या हाताने फडकं सोडलं. काळं पडलेलं लाकूड, पात्याला नुकतीच लावलेली धार.

त्यांनी अंगठा टेकवला. बरोबर बसला.