बांगडीचा सांधा

तुटली तरी पुन्हा जुळणारी बांगडी मीच नागपूरच्या प्रयोगशाळेत ओतली होती. तुटलेली टोकं एकमेकांना लावायची आणि तासभर मुठीत दाबून धरायची. हाताच्या उबेनं प्लॅस्टिकमधले बंध सुटतात आणि नव्यानं बांधले जातात. पहिली बांगडी, रुंद आणि हिरवी, मी पवनीला आईसाठी नेली. बाबांनीच ती तिच्या हातात चढवली.

बाबा गेले. नदीकाठी ती बांगडी दगडानं फुटेना, म्हणून मावशीनं अडकित्त्यानं दोन जागी कापली. आमच्यातल्या रीतीप्रमाणे दोन्ही तुकडे मी बाबांच्या मुठीत ठेवले आणि आम्ही त्यांना पुरून माती दिली. मूठ गार पडलेली होती.

तेरवीच्या दुपारी पाहुणे पांगले. आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. तिच्या मनगटात तीच बांगडी होती. अख्खी.

"आई, हे कुठून आणली?"

"उंबरठ्यावर होती. मले वाटलं, तूच ठेवली."

मी तिचा हात उजेडात धरला. सांधा कुठंच दिसत नव्हता. पण एका जागी अंगठ्याचा खोल ठसा होता, आणि ठशात आडवी रेघ. बाबांच्या अंगठ्यावर विळ्याचा वण होता, तशीच.

"काय पाहून राहिला, हेमराज?"

"गार हातात हे जुडत नाही, आई. जिवंत हात लागते."

आईची बोटं तांदळात थांबली.

"मंग बाबू," ती हळूच म्हणाली, "आपण त्याहिले माती कायले देली?"